बिऱ्हाड बेटावर

हैदराबादला सगळं आहे, फक्त समुद्र नाही. हुसेनसागरच्या नावात सागर आहे, पण ते आपलं तळंच. खरा समुद्र बघायचा तर बापटल्याजवळचा सूर्यलंका किनारा, तोही तीनशे किलोमीटरवर. त्यामुळे मुंबईकर जसे चटकन चौपाटीवर फिरून येतात तसं आमचं होत नाही. आम्हाला समुद्र ठरवावा लागतो. आणि ठरवायला बसलं की घरात जितकी माणसं, तितके समुद्र निघतात.

2024 च्या जानेवारीत थोरलीचा म्युनिकहून फोन आला. "मम्मी, यंदा मला तिकडे येणं जमत नाही. हिच्या शाळेला 21 मेपासून दोन आठवडे सुट्टी आहे, पण मला दहाच दिवस रजा मिळते. आपण मधे कुठेतरी भेटू या. भूमध्य समुद्रातलं एखादं छानसं बेट बघ ना."

बघ ना! जसं काही सुलतान बाजारातून ब्लाउजपीस बघून आणायचा होता. पण हे काम माझ्याकडे आलं यात नवल काही नव्हतं. ज्या घरात एकाची अष्टमी, एकाचं पथ्य, एकाला तिखट लागतं आणि एकीला तिखट चालत नाही, तिथे रोज एका शेगडीवर चार ताटं निघतात. ती काढणाऱ्या बाईला बेट निवडणं काय अवघड?

यांनी पहिल्याच दिवशी फाटा फोडला. "परदेश कशाला? गोवा आहे, विशाखापट्टणम आहे. ऋषिकोंड्याच्या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग मिळालाय." म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मेच्या अखेरीस आपल्याकडचा उकाडा आणि पावसाळा तोंडावर आला की खवळणारा समुद्र, यात सहा वर्षांच्या नातीला काय घालायचं? शिवाय थोरलीच्या दहा दिवसांतले तीन-चार विमानातच गेले असते. एरवी ऑक्टोबरनंतर कुणी विचारलं तर मीही गोवाच सांगेन. पुढे ढकलावं, तर जुलैत चातुर्मास. चातुर्मासात सासूबाई गावाची वेस ओलांडत नाहीत. म्हणजे मे महिना पक्का.

आता माणसं मोजली. सासूबाई, हे, मी, धाकटा आणि त्याची वर्षापूर्वीच घरात आलेली बायको, थोरली, जावई आणि नात. आठ. पण व्हिडिओ कॉलवर सगळे बोलायला लागले तेव्हा लक्षात आलं, सगळे सातच मोजताहेत. सासूबाईंना लातूरला नणंदेकडे ठेवायचं, असं न बोलताच ठरून गेलं होतं. त्यांचं वय 79, दोन्ही गुडघे गेलेले, सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही, कंदमूळ नाही. "आजीला झेपणार नाही," सगळे म्हणत होते, आणि सगळे मायेनंच म्हणत होते. त्यांना मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मी विचारलं. संध्याकाळी सहाला त्यांचं ताट वाढताना. "सासूबाई, समुद्र बघायला यायचं का?"

त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "बघितलाय की एकदा. मुंबईला, गिरगावच्या चौपाटीला. माझं लग्न नवं होतं. सासूबाई, मामंजी, दीर, नणंदा, सगळे पाण्यात गेले. मी वाळूत उभी राहिले, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या घेऊन. पाय भिजवायचे राहिले बघ." एवढं बोलून त्यांनी आमटी मागितली.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी अशा चपला धरून उभ्या राहिल्या असतील, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी त्या रात्री थोरलीला कळवलं, जाऊ तर आठजण जाऊ. नाहीतर कुणीच नको.

तिथून खरी निवड सुरू झाली. लोक आधी सुंदर बेटाचं चित्र बघतात आणि मग त्यात माणसं कोंबतात. मी वही घेतली आणि उलटं केलं. एका बाजूला आठ नावं, त्यांच्यासमोर त्यांना काय चालतं, काय चालत नाही आणि काय हवं. सासूबाईंना पायऱ्या नकोत, खोली ते पाणी अंतर थोडं हवं, आणि स्वतःचं स्वयंपाकघर. नातीला उथळ पाणी, मऊ वाळू. यांना वाळूत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही, जुने दगड बघायला हवेत. धाकट्याला डोंगर किंवा धिंगाणा, दोन्हींपैकी काहीही. सुनेनं काही सांगितलं नाही, पण वर्षभर सासरच्या गोतावळ्यात राहिलेल्या मुलीला नवऱ्याबरोबर एकटीनं एक दिवस हवा असणार, हे न सांगताही कळतं. जावयाला काही नको होतं, फक्त झोप.

मग एकेक बेट या यादीसमोर उभं केलं.

सांतोरिनी सगळ्यात आधी बाद झालं. निळ्या घुमटांची पांढरी घरं बघून सून हरखली होती, पण ते बेट म्हणजे ज्वालामुखीचा तुटका कडा. फिरा गावातून जुन्या बंदरावर उतरायला जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. केबल कार आहे, आणि गाढवंही आहेत, माणसं वाहून नेणारी. गाढवाचं ऐकून सासूबाईंनी कानाला हात लावला. "मुक्या जनावराच्या पाठीवर बसून मला कुठंच जायचं नाही." शिवाय तिथल्या कामारी, पेरिसा किनाऱ्यांची वाळू काळी, उन्हात तापणारी. नवरा-बायकोनं दोघंच जाण्याची जागा ती. पणजी आणि पणतीची नव्हे.

इबिझाचं नाव धाकट्यानं काढलं. "एकच रात्र, मम्मी." तिथल्या नाचगाण्याला खरा रंग मध्यरात्रीनंतर भरतो म्हणे. हे म्हणाले, "त्या सुमाराला तुझी आजी सामायिकाला उठते. दोघं दारात भेटाल." विषय तिथेच संपला. इबिझाला जुना कोट आहे, शांत खाड्याही आहेत, पण मुलाच्या डोक्यातलं इबिझा आणि माझ्या वहीतलं इबिझा एक होईना.

त्याच्याच शेजारचं मायोर्का नातीसाठी उत्तम. अल्कुदियाचा किनारा लांबलचक आणि बराच आतपर्यंत उथळ. लहान मुलं असलेल्यांनी डोळे मिटून जावं. पण हैदराबादहून ते फार पश्चिमेला पडतं. कुठल्याच भूमध्य बेटावर इथून थेट विमान नाही, सगळीकडे एकदोनदा बदलावंच लागतं. त्यात सासूबाईंचा प्रवास आणखी लांबवायचा नव्हता. सार्डिनिया, सिसिली मनात भरली, पण तिथे खरी मजा गाडी भाड्यानं घेऊन फिरण्यात. आणि तिथली नावाजलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला विरजणरस घालून होतात, हे थोरलीनंच मागे सांगितलं होतं. चीज म्हणजे दूधच ना, असं समजून आपल्या बायका बिनधास्त खातात, म्हणून मुद्दाम लिहिते. हा विरजणरस जनावराचा की वनस्पतीचा, हे कुठेही विचारून घ्यावं.

सायप्रस छान होतं, लार्नाकाचा किनारा तर शहरातच, कडेनं ताडाची झाडं आणि सपाट फरसबंदी. पण सायप्रस युरोपीय संघात असलं तरी तेव्हा शेंगेनमध्ये नव्हतं. म्हणजे आमचा व्हिसा वेगळा, थोरलीचा प्रश्न वेगळा. सोडलं.

माल्टा शेवटपर्यंत टिकलं. तिथे इंग्रजी ही राजभाषाच, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, सिंधी व्यापारी शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे आहेत आणि आता भारतीय मुलंमुली नोकरीलाही खूप. मेल्लीहाचा किनारा वाळूचा, उथळ, बसमधून उतरलं की समोर. पहिल्यांदाच युरोपात जाणाऱ्या, भाषेला बिचकणाऱ्या दोघी मैत्रिणींना मी माल्टाच सुचवीन. पण तो सगळा देशच अवघा 316 चौरस किलोमीटरचा. वाळूचे किनारे मोजके, डोंगर नाहीतच म्हणा ना.

उरलं क्रीट. ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, लांबी सुमारे 260 किलोमीटर. त्याच्या पश्चिमेला हान्या नावाचं शहर, आणि शहरालाच चिकटून नेआ होरा नावाचा वाळूचा, शांत किनारा. घर किनाऱ्याच्या मागच्या गल्लीत, तळमजला, एकही पायरी नाही, स्वयंपाकघर आहे. यांच्यासाठी क्नोसोसचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा, बसनं जाऊन यायला एक दिवस. धाकट्यासाठी समारियाची घळ, 16 किलोमीटरची उतरण, डोंगरातून निघून थेट दक्षिणेच्या समुद्राला, तिथून बोट. ही घळ हिवाळ्यात बंद असते, मे ते ऑक्टोबर उघडी. सकाळी सगळ्यांनी पांगायचं आणि संध्याकाळी एका टेबलावर यायचं, एवढं मोठं बेट ते होतं. सगळ्यांनी दिवसभर एकत्रच राहायचं, हा आग्रह सहलीचा घात करतो. घरात तरी आपण दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे कुठे बघत बसतो?

भूमध्य समुद्राची आणखी एक गोष्ट मला पटली. त्याला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, पाणी जेमतेम वीतभर-दोन वीत चढतं-उतरतं. आपल्या कोकणात ओहोटीला समुद्र लांब पळतो आणि भरतीला अंगावर येतो. म्हाताऱ्या माणसाची खुर्ची सकाळी मांडली तिथेच संध्याकाळपर्यंत राहणं, ही लहान गोष्ट नाही. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये त्या भागात उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात सुटतो, तेव्हा वृद्धांना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मे, जून किंवा सप्टेंबर धरावा.

आणि सूर्यास्त! सगळ्यांना ज्याची धास्ती होती, तीच गोष्ट सगळ्यात सोपी निघाली. मेच्या अखेरीस हैदराबादला पावणेसातला सूर्य मावळतो. हान्याला साडेआठच्या सुमाराला. म्हणजे सासूबाईंना रात्रीचं जेवण आठला करता येणार! एवढं उशिरा जेवायची सवय त्यांनाच नव्हती. तिथली माणसं नऊनंतर जेवायला बाहेर पडतात. आम्ही सातला पोचायचो तेव्हा समुद्राकाठचा सगळा टॅव्हर्ना रिकामा, हवं ते टेबल आमचं. नियमामुळे अडायला होईल म्हणून ज्यांना घरी ठेवायचं चाललं होतं, त्यांच्यामुळेच आम्हाला रोज पहिली रांग मिळाली.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण फोन त्यासाठीच येतात. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाची बाटली, पेढे, बर्फी घरीच ठेवा. कढीपत्ता, भाज्याही नाहीत. आम्ही नेलं ते ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ, मुगाची डाळ, मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे. विमानात आधी सांगितलं तर जैन जेवण वेगळं मिळतं, तिकिटावर त्याची नोंद झालेली बघून घ्यावी. हान्याच्या बाजारात टोमॅटो, काकडी, कोवळी झुकिनी, घेवडा, ढीगभर पालेभाज्या. नुसती उकडलेली पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू, याला तिथे होर्ता म्हणतात. सासूबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी तिला "इथली तांदुळजाची भाजी" असं नाव ठेवलं.

ग्रीक लोकही उपास करतात. त्यांच्या उपासाच्या पदार्थांना निस्तिसिमो म्हणतात, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. हा शब्द उपयोगी पडतो, पण फसवतोही, कारण त्यात शिंपल्यांसारखे समुद्री जीव चालतात आणि कांदा-लसूण तर असतोच. म्हणून सुनेनं दोन वाक्यं पाठ केली, "होरीस क्रेमिदी, होरीस स्कोर्दो," कांद्याशिवाय, लसणीशिवाय. न्याहारीला दह्यावर मध येतो आणि ताटलीत अंजीर. आमच्या घरी दोन्ही वर्ज्य. ते बाजूला ठेवायला दुसरा शब्द शिकावा लागला नाही, मान हलवली की पुरे.

व्हिसाला शुल्क तेव्हा माणशी 80 युरो होतं, आणि प्रत्येकाला किमान 30 हजार युरोचा आरोग्यविमा लागतो. सासूबाईंच्या वयाला विमा महाग पडला. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. साठ वर्षं भाकऱ्या थापून रेषाच राहिल्या नव्हत्या. चौथ्या खेपेला उमटले.

सगळं ठरलं. वही मिटायला घेतली तर सून म्हणाली, "मम्मी, यात तुमचं नाव आहे, पण समोर काहीच लिहिलेलं नाही. तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, "अगं, मला काय, सगळं चालतं."

"चालतं ते नाही विचारलं. हवंय काय?"

आता काय सांगावं? मी लातूरजवळच्या खेड्यातली. पाठीला वाळका भोपळा बांधून भावांबरोबर विहिरीत पोहायला शिकलेली. दहा वर्षांची होईपर्यंत भोपळा सुटला, तेराव्या वर्षी पोहणंच सुटलं. मुलगी मोठी झाली म्हणून. पुढे बी.ए., लग्न, हैदराबाद. मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडून कठड्यावर टॉवेल घेऊन बसण्यात दोन उन्हाळे गेले. तोही एक प्रकारचा चपला धरण्याचाच कार्यक्रम. मी हळूच म्हटलं, "मला पोहायचंय."

सुनेनं ते वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंत विजारीचा पोहण्याचा पोशाख मागवला. या वयात, या अंगानं, सासूसमोर असं कसं दिसायचं, हे विचार माझ्याही मनात आले. तिथे गेल्यावर दिसलं, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आजीबाई अगदी तोकड्या कपड्यांत आरामात पहुडल्यात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी डोळ्यांवर पदर घेतला. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल बोलत होत्या आणि दोघींना कळत होतं.

13 मेला मतदान केलं आणि आठवड्याभरात निघालो. दहा दिवसांचं वर्णन करत नाही. दोनच गोष्टी सांगते.

ग्रीसमध्ये अनेक किनाऱ्यांवर सीट्रॅक नावाची सोय आहे. वाळूवरून पाण्यात जाणारे दोन रूळ, त्यावर खुर्ची, बटण दाबलं की खुर्ची सावकाश पाण्यात उतरते. चालते सौर ऊर्जेवर, पैसे लागत नाहीत. चालता न येणाऱ्यांना कुणाच्या हातांवर न जाता, आपलं आपण समुद्रात जाता यावं म्हणून तिथल्याच माणसांनी ती बनवली. आमच्याजवळच्या एका किनाऱ्यावर ती होती. सासूबाई आधी तयार होईनात. समुद्रस्नानानं पुण्य मिळतं असं मानणं ही आपल्याकडे लोकमूढता, रत्नकरंड श्रावकाचारात तसं सांगितलंय, हे त्यांना माझ्याहून जास्त पाठ. मी म्हटलं, "पुण्यासाठी कुठं चाललोय आपण?" त्या हसल्या. "हौ, ते खरं. नुसते पाय." नऊवारीचा काष्टा नीट खोचून बसल्या. नातीनं बटण दाबलं. पाणी घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं, तसं त्यांनी हात वर केला, थांब. तेवढंच. तिथे किती वेळ बसल्या, मी मोजलं नाही. त्यांच्या चपला माझ्या हातात होत्या. थोड्या वेळानं थोरलीनं माझ्या हातातून त्या घेतल्या आणि म्हणाली, "जा तू."

पाणी गार होतं, मेमध्ये तिथला समुद्र अजून तापलेला नसतो. पण विहिरीचं पाणीही गारच असायचं. पहिल्या दोन हातांना दम लागला. मग लक्षात आलं, हे पाणी फार खारट, आपल्या समुद्रापेक्षाही खारट. ते माणसाला वर धरतं. मी उताणी झाले, हात पसरले. पाठीला भोपळा नव्हता आणि मी तरंगत होते. काठावरून हे ओरडत होते, "फार आत जाऊ नकोस गं!" मला ऐकू येत होतं. पण तेवढा वेळ मी उत्तर दिलं नाही.

परत आल्यापासून महिला मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, कुठलं बेट चांगलं? मी विचारते, कोण कोण जाताय? त्या नणंदा, जावा, नातवंडं, सासू-सासरे, सगळ्यांची नावं घडाघडा सांगतात. मी बोटं मोजत ऐकते. बहुतेक वेळा एक बोट कमी भरतं. मग विचारते, "आणि तू?"